पश्चात्तापाच्या बाकाची विल्हेवाट

मी, ऑर्लीना ट्रँथम, कै. हॉबर्ट ट्रँथम यांची विधवा, राहणार हेनी खोरे, टॉलिव्हर काउंटी, उत्तर कॅरोलायना, धंदा शेती आणि आणखी एक, ज्याचा उल्लेख पुढे येईलच, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे शाबूत नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत. माझ्यावर कोणाचा दबाव नाही; असता तर मी नेमके उलटे लिहिले असते, हे मला ओळखणारे सगळे जाणतात. आज सकाळपासून ताकाखेरीज काही प्यायलेले नाही, हेही नोंदवून ठेवते, कारण माझ्या बाबतीत ती शंका सर्वांत आधी काढली जाईल.

काउंटीच्या गावी बसणाऱ्या वकिलाने मला सांगितले की आमच्या राज्यात स्वहस्ताक्षरातल्या मृत्युपत्राला साक्षीदार लागत नाहीत. कायद्याला लागत नसतील, मला लागतात. का ते शेवटी सांगते.

कलम पहिले. हॉबर्ट असताना मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात सगळे त्याला दिले होते. ते याद्वारे रद्द समजावे. तो माझ्याआधी गेला. जायची घाई नेहमी त्याची आणि मागची आवराआवर नेहमी माझी. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी रेथा हिने करावी. रेथा शाळेची बस चालवते. घाटाच्या वळणावर एका हाताने चाक फिरवत आरशातून नुसते बघून ती बसभर पोरांना गप्प करते, त्यामुळे माझ्या नातेवाइकांना आवरणे तिला जड जाणार नाही.

कलम दुसरे. माझे राहते घर, मागचा गोठा, मांसाला धुरी द्यायची खोली, सफरचंदाची झाडे आणि खालीलप्रमाणे चतुःसीमा असलेली जमीन: पूर्वेस ओढा, दक्षिणेस काउंटीचा रस्ता, उत्तरेस डोंगर, पश्चिमेस हेनी खोरे बाप्तिस्त मंडळीच्या दफनभूमीचे कुंपण. ही सर्व स्थावर मिळकत आतल्या भांड्याकुंड्यांसह रेथाला मिळावी. बँकेत जे काय आहे तेही तिलाच. पश्चिमेचे कुंपण वाचणाऱ्याने लक्षात ठेवावे.

कलम तिसरे. हॉबर्टचा पुतण्या ड्यूई याला मी विसरलेले नाही, हे त्याच्या समाधानासाठी लिहिते. ड्यूईला माझ्या पश्चिमेच्या उतारावर उन्हाळी पाहुण्यांसाठी केबिनी बांधायच्या होत्या. मागच्या वर्षी तो मोजपट्टी घेऊनच आला.

"काकू, ओळीने केबिनी बसतील इथे. फ्लोरिडाची माणसं रांग लावतील रांग."

"आणि मी कुठे बसू?"

"तुला कितीशी जागा लागतेय आता," असे म्हणून तो दफनभूमीकडे बघत हसला.

हा ड्यूई स्वतःही दारूची भट्टी लावतो. दारू मुरवताना मी काय करते ते त्याने खिडकीतून पाहिले आणि अर्धेच पाहिले. सरपणाच्या ढिगातला लाल ओक घेतला, कुऱ्हाडीने त्याच्या ढलप्या काढल्या, ओल्या तशाच दारूच्या बरणीत कोंबल्या आणि वर चिठ्ठी लावून रस्त्यावर पाहुण्यांना विकली. चिठ्ठीवर लिहिले होते, 'आजोबांच्या हातची'. त्याच्या आजोबांच्या हातची मी प्यायलेली आहे. त्यांनी हे वाचले असते तर ड्यूईला त्याच ढलप्यांनी बडवले असते. लाल ओकला कुबट वास असतो, मांजराने अंगण खराब केल्यासारखा, आणि तो दारूत उतरला की जात नाही. त्यातली एक बरणी मी मुद्दाम विकत घेऊन ठेवली आहे. ती फळीवर मिठाच्या डब्यामागे आहे. ती ड्यूईला मिळावी. बाकी काही मिळू नये.

कलम चौथे. तांब्याचा मोठा हंडा, त्याचे टोपण आणि वेटोळ्याची नळी. आमची काउंटी कोरडी आहे, म्हणजे इथे दारू विकायला बंदी आहे. प्यायची बंदी अजून कोणाला जमलेली नाही. कायद्यासमोर हा हंडा सफरचंदे आटवायचा आहे. दर शरदात मी त्यात एकदा सफरचंदे आटवते, म्हणजे कोणी विचारले तर खोटे बोलायची वेळ येऊ नये. एरवी त्यात काय होते ते शेरीफसाहेबांनी आता खुशाल वाचावे. मेलेल्या बाईवर समन्स बजावायची सोय अजून निघालेली नाही. हंडा माझ्या सासऱ्यांनी स्वतः ठोकून केलेला आहे आणि तो रेथाला मिळावा. तिने त्यात काय आटवायचे हा तिचा प्रश्न आहे. सूचना एकच. पहिली धार फेकून द्यायची. दुकानाच्या ओट्यावर बसणाऱ्या बढाईखोरांना पहिल्या धारेचे फार कौतुक असते, आणि त्यातल्या एकाला मी डोळे गेल्यावर त्याच ओट्यावर भिंत चाचपडत चालताना पाहिले आहे.

कलम पाचवे. माळ्यावरच्या व्हिस्कीच्या बरण्या. यांचे दोन भाग आहेत, उजवी रांग आणि डावी रांग. उजवी रांग साध्या लाकडावर मुरवलेली. ती माझ्या दफनाच्या दिवशी जो कोणी येईल त्याला पाजावी आणि उरेल ती रेथाने ठेवावी. डाव्या रांगेबद्दल कलम सहा पाहावे.

मुरवायचे कसे ते इथे लिहून ठेवते, कारण रेथाला मी दाखवले आहे पण ती बस चालवते तशी हेही घाईने करते. लाकूड पांढऱ्या ओकचे. दोन हिवाळे त्याला उघड्यावर टाकायचे, पाऊस आणि बर्फ खाऊ द्यायचे, म्हणजे त्याचा कडूपणा धुऊन जातो. मग बोटाएवढ्या ढलप्या करायच्या. त्या आधी चुलीच्या पोटात मंद भाजायच्या, घरात केकसारखा वास सुटेपर्यंत. मग जाळावर धरायच्या, वरून काळ्या पडून तडकेपर्यंत, पण आतून कोळसा होता कामा नये. थोड्याच ढलप्या बरणीत टाकायच्या आणि बरणी पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवायची. दिवसा पत्रा तापतो तेव्हा व्हिस्की लाकडात शिरते. रात्री गारठा पडला की बाहेर येते आणि येताना लाकडातला रंग आणि गोडवा घेऊन येते. माणसाने फक्त वाट बघायची आणि अधूनमधून बरणी हलवायची. मी हे रविवारी करते, खाली चर्चची घंटा झाली की. खाली ते गातात आणि वर मी बरण्या हलवते. चव घेताना फळी चाटल्यासारखे लागले तर उशीर झाला समजावे. त्याआधीच ढलप्या काढायच्या.

हॉबर्टला हे अजिबात मान्य नव्हते. त्याच्या घराण्यात दारू पांढरीच.

"बरणीतून पलीकडचा माणूस दिसला पाहिजे," तो म्हणायचा. "रंग आला की समज, कोणीतरी काहीतरी झाकतंय."

"तंबाखूचं पाणी घालून रंग आणतात ते झाकतात. लाकूड काय झाकणार?"

"मग पिंपात ठेव. लोक पिंपात ठेवतात. व्हिस्की लाकडात असते, लाकूड व्हिस्कीत नसतं."

"लाकडाला विचार त्याला काय फरक पडतो ते."

पिंप करायला कारागीर लागतो, न्यायला ट्रक लागतो आणि लपवायला डोंगर लागतो. आमच्याकडे बरण्या होत्या. शेवटी हॉबर्टही माझीच प्यायला लागला, पण डोळे मिटून. रंग दिसला नाही म्हणजे तत्त्व मोडले नाही, असे त्याचे म्हणणे होते. त्या माणसाची सगळी तत्त्वे अशीच होती आणि मला तो फार आवडायचा.

कलम सहावे. हे कलम बाकाचे आहे. मंडळीतल्या कोणाला एकच कलम वाचायचे असेल तर त्याने हे वाचावे.

आमच्या चर्चमध्ये पहिल्या रांगेच्या पुढे, वेदीसमोर, पाठ असलेला एक लांब बाक होता. त्याला आम्ही पश्चात्तापाचा बाक म्हणायचो. वसंतात आठवडाभर प्रार्थनेच्या मोठ्या सभा होत. ज्याला आपल्या पापांचे रडू येई तो उठून त्या बाकावर जाऊन बसे. बाकीचे त्याच्या पाठीवर हात ठेवून गात, आणि तो मोकळा होऊन उठे. हॉबर्टच्या आजोबांनी हा बाक एका पांढऱ्या ओकच्या झाडातून केला होता. हॉबर्ट दर वसंतात त्यावर बसला. भट्टी लावल्याबद्दल तो धाय मोकलून रडायचा आणि मनापासून रडायचा, याबद्दल मला शंका नाही. मका कापणीला आला की भट्टी पुन्हा पेटायची. मंडळीला हे चालत असे, कारण तो रडत असे.

मी कधी रडले नाही. त्या व्हिस्कीवर माझ्या सासूचे शेवटचे आजारपण निघाले, रेथा शिकली, आणि वादळाने चर्चचे छप्पर उडाले तेव्हा नवा पत्रा आला. पत्र्याचे पैसे कुठून आले हे तेव्हा कोणी विचारले नाही. मग तीस वर्षांपूर्वी एक नवे पाळक आले आणि त्यांच्या मनात भरले की हॉबर्ट दर साल पश्चात्ताप करतो, मग त्याची बायको का करत नाही. एका रविवारी मला बाकावर बसवले. आरोप वाचायला मंडळीचा कारभार बघणारा डीकन लम कॉडिल उभा राहिला. लम हा हॉबर्टचा लहानपणापासूनचा दोस्त. आमच्या घरी मला वहिनी म्हणायचा. त्या दिवशी म्हणाला, "श्रीमती ट्रँथम, आपण मद्य गाळता, मुरवता आणि विकता, असा आपल्यावर आरोप आहे."

"तिन्ही खरं आहे," मी म्हणाले.

"आपल्याला त्याचा पश्चात्ताप होतो का?"

"नाही होत."

मागून कोणीतरी बाई कुजबुजली, "अगं, हो म्हण आणि सुटून जा."

"होत नाही, लमभाऊ," मी म्हणाले. "आणि देवाच्या घरात बसून होतो म्हटलं तर ते आणखी एक पाप. त्यासाठी परत याच बाकावर यावं लागेल. किती फेऱ्या मारू?"

दोन-तीन जण हसले. ते हसणे मला महागात पडले, कारण पाळकांना ते फार लागले. मंडळीतून नाव काढावे असे ज्यांना वाटते त्यांनी हात वर करावेत, असे त्यांनी सांगितले. हात वर झाले. मी मागे वळून पाहिले. हॉबर्टचा हात खांद्याच्या वर गेला, तिथे जरा थांबला, आणि मग त्याने कान खाजवला. तो मत देत होता की कान खाजवत होता हे मी त्याला जन्मभर विचारले. तो म्हणायचा, दोन्ही. त्या संध्याकाळी त्याने आयुष्यात पहिल्यांदा स्वयंपाक केला. मक्याची भाकरी करपवली आणि मान वर न करता माझ्यापुढे ठेवली. मी ती खाल्ली. पण विसरले नाही, आणि हे लिहितानाही मला त्याचा राग आहे.

त्याच शरदात लम कॉडिल मागच्या दाराने आला. दारातच खोकला. म्हणाला, "वहिनी, खोकल्यावर काही आहे का?" मी कपात ओतून दिली. तो पायरीवर बसून प्यायला आणि गेला. तेव्हापासून दर शरदात लमला खोकला होतो. व्हिस्की हा शब्द त्याने माझ्या घरात एकदाही उच्चारलेला नाही.

काही वर्षांपूर्वी, हॉबर्ट गेल्यावर, चर्चमध्ये गालिचा आला आणि गाद्यांच्या खुर्च्या आल्या. पश्चात्तापाचा बाक मागच्या अंगणात कचऱ्याच्या ढिगाशेजारी उलटा पडलेला मी कुंपणावरून पाहिला. रेथाला ट्रक आणायला सांगितले. चर्च सुटायची वेळ होती. सगळी मंडळी पायऱ्यांवर उभी राहून बघत होती आणि मी बाकाचे एक टोक धरून उभी होते. दुसरे टोक उचलायला लम आला. ट्रकमध्ये ठेवून झाल्यावर हात झटकले आणि परत गेला.

त्या बाकाचे व्हार्निश मी रंध्याने शेवटच्या कणापर्यंत उतरवले, कारण व्हार्निश दारूत गेले तर विष होते. मग त्याला दोन हिवाळे पावसात टाकले. शंभर वर्षे लोकांनी त्यावर डोळे पुसले होते. ते धुऊन गेले की नाही मला माहीत नाही. मग बसायच्या फळीच्या ढलप्या केल्या. डाव्या रांगेतल्या बरण्या त्या ढलप्यांच्या आहेत.

पहिली बरणी उघडली त्या शरदात लम खोकत आला. एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. त्याच्या डोळ्यांत पाणी आले होते.

"वहिनी, यात काय घातलंस?"

"लाकूड."

"कुठलं?"

मी सांगितले. तो ओढ्याकडे वळून बसला. मग म्हणाला, "धाकटा भाऊ ओढ्यात बुडून गेला तेव्हा आई त्या बाकावर बसली होती. तीन दिवस उठलीच नाही."

"माहीत आहे मला. तिच्यासाठी सूप घेऊन मीच यायचे."

लमने कप पुन्हा उचलला. "थोडं अजून घाल," म्हणाला. "खोकला फार आहे."

डाव्या रांगेतल्या बरण्या रेथाला मिळाव्यात. त्या विकू नयेत. मागायला येईल त्याला पायरीवर बसवून द्याव्यात, आणि तो कशावर औषध म्हणून मागतो आहे हे विचारू नये. बाकाच्या पाठीची फळी अजून अखंड आहे. तिची व्यवस्था कलम नऊमध्ये आहे.

कलम सातवे. माझ्या सुक्या सफरचंदाच्या थरांच्या केकची कृती. मे महिन्यात एका रविवारी सगळी मंडळी दफनभूमीत कबरी साफ करायला, फुले वाहायला आणि मग गवतावर पंगत मांडून जेवायला जमते. मला मंडळीतून काढले तरी त्या दिवशी केक पाठवायचा निरोप दर वर्षी येतो. माझा केक चालतो, मी चालत नाही. मी दर वर्षी पाठवला. पहिला तुकडा पाळकांना द्यायचा अशी पद्धत आहे. त्या केकला इतर बायकांच्या केकपेक्षा चव का असते असे मला अनेकींनी विचारले आणि मी हसून टाळले. आता सांगते. प्रत्येक थर मुरलेल्या व्हिस्कीत भिजवलेला असतो, सढळ हाताने. ज्यांनी त्या रविवारी हात वर केले त्या सगळ्यांनी तो खाल्लेला आहे, दुसऱ्यांदा मागून खाल्लेला आहे आणि उरलेला फडक्यात बांधून घरी नेलेला आहे. ही कृती मंडळीच्या महिला मंडळाला मिळावी. त्यांनी ती छापावी.

कलम आठवे. माझ्या जमिनीतला झरा. चर्चचे पाणी याच झऱ्याचे आहे आणि खालच्या डोहात बाप्तिस्मे होतात तेही याच पाण्यात. माझ्या हंड्यातले पाणीही याच झऱ्याचे. त्यावरचा मंडळीचा हक्क कायम राहावा. त्याला कोणतीही अट नाही. ड्यूईने मला सुचवले होते की काकू, पाणी तोड, मग बघ दफनभूमीत कशी जागा देतात. पाणी तोडायची माझी रीत नाही.

कलम नववे. माझे दफन.

मला हॉबर्टशेजारी जागा हवी आहे. हे आडवळणाने लिहायचा मी दोनदा प्रयत्न केला आणि ते कागद चुलीत घातले. तो दफनभूमीच्या शेवटच्या ओळीत, माझ्या कुंपणालगत आहे. दगड जोडीचा आहे. त्याच्या डाव्या बाजूला माझे नाव कोरलेले आहे, जन्माचे वर्ष आहे, त्यापुढे आडवी रेघ आहे आणि रेघेपुढे कोरा दगड. तो कोरा दगड मी दर आठवड्याला झाडूने साफ करते. पलंगावर मी नेहमी त्याच्या डाव्या अंगाला झोपत आले. मी उठून गेले की तो झोपेत हात टाकून जागा चाचपायचा. त्याच्यावर माझा राग आहे आणि मला त्याच्याजवळच जायचे आहे. यात ज्याला विसंगती वाटत असेल त्याचे लग्न झालेले नसावे.

दफनभूमीचा नियम असा की मंडळीचा सभासद नसेल त्याला आत जागा नाही. या उन्हाळ्यात आताचे पाळक माझ्याकडे आले. तरुण आहेत, गिटार वाजवतात, मनाने चांगले आहेत. बरोबर दफनभूमी कमिटीचा अध्यक्ष होता, म्हणजे लम कॉडिल. तो पुढच्या दाराने आला, कारण पाळक पुढच्या दाराने आले.

"ऑर्लीनाबाई, एकच वाक्य," पाळक म्हणाले. "सगळ्यांसमोर नको. इथे, माझ्यासमोर म्हणा. मी मंडळीला कळवतो, नाव परत चढतं, जागा तुमची."

"कोणतं वाक्य?"

"मला पश्चात्ताप होतो, एवढंच."

"पश्चात्ताप बघायचाय का तुम्हाला? वर माळ्यावर आहे. बरण्यांत भरून ठेवलाय."

पाळक हसले आणि मग हसायला नको होते असा चेहरा करून लमकडे बघू लागले. लम टोपीच्या काठाकडे बघत होता.

"नियम आहे, श्रीमती ट्रँथम," तो म्हणाला.

"खोकला कसा आहे, लमभाऊ?" मी विचारले.

तो खोकला. पाळकांनी त्याला पाणी दिले.

तेव्हा माझे म्हणणे पुढीलप्रमाणे. पहिला पर्याय: ते वाक्य माझ्या तोंडून न वदवता कमिटीने जागा दिली तर मला हॉबर्टच्या डाव्या हाताला पुरावे. दुसरा पर्याय: न दिल्यास कुंपणाच्या माझ्या बाजूला, माझ्या स्वतःच्या जमिनीत, कुंपणाला कुदळ घासेल इतक्या जवळ पुरावे. मग आमच्या दोघांमध्ये एक कुंपण आणि एक माणूस मावेल एवढी रिकामी जागा राहील. दर मे महिन्यात पंगतीला जमलेल्या मंडळीने ती रिकामी जागा बघावी आणि केक खावा. रेथाने तो उतार कधीही विकू नये. माझ्यानंतर माझ्या वतीने कोणीही पश्चात्ताप व्यक्त करू नये. पाळकांनी प्रार्थना जरूर करावी, पण मी शेवटी वळले, नरमले, असे काही सांगू नये. मी नरमलेले नाही.

दोन्ही पर्यायांत शवपेटीचे झाकण बाकाच्या पाठीच्या फळीचे करावे. झाकणाची आतली बाजू रेथाने जाळावर धरून तडकेपर्यंत काळी करावी, ढलप्यांची करतो तशी. मुरायला मला भरपूर वेळ मिळणार आहे आणि तो मला चांगल्या लाकडात घालवायचा आहे.

कलम दहावे. साक्षीदार मला का लागतात ते आता सांगते. एक साक्षीदार आमच्याकडे टपाल वाटणारी यूला प्रूइट, कारण ती रोज येतेच. दुसरा लम कॉडिल. साक्षीदाराला मृत्युपत्र वाचावे लागत नाही, सही होताना पाहिली की पुरे. पण मी त्याला हे सगळे वाचायला देणार आहे. ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याने साक्ष करू नये असे वकील म्हणाला, म्हणून लमला मी यात काहीही ठेवलेले नाही. डाव्या रांगेतली एक बरणी टेबलावर ठेवली आहे; ती मी त्याला आज, जिवंतपणी, हातात देणार आहे. निरोप धाडला आहे की या वेळी मागच्या दाराने येऊ नकोस, पुढच्या दाराने ये. पुढचे दार रस्त्यावरून दिसते आणि शनिवारी रस्त्यावर गर्दी असते.

त्याने सही केली तर हा कागद कोर्टात वाचला जाईल तेव्हा कलम सहा खरे की खोटे हे त्याला मंडळीसमोर सांगावे लागेल. डीकनपद जाईल. बाक आता नाही, पण बसवायला खुर्च्या आहेत. हे त्याला ठाऊक असावे म्हणून स्पष्ट लिहिते. त्याने सही केली नाही तर ती ओळ कोरी ठेवावी, दुसरे नाव शोधू नये. कोर्टाला त्याने फरक पडत नाही. मला पडतो. यूला आली आहे आणि केक खाते आहे. लमची मी अजून वाट बघते आहे.

वर लिहिलेले सर्व मी लिहिले, परत वाचले, आणि एक शब्दही सौम्य केला नाही. हे माझे शेवटचे म्हणणे आहे आणि पहिलेही हेच होते.

ठिकाण: हेनी खोरे, टॉलिव्हर काउंटी
तारीख: १५ ऑक्टोबर १९८८, शनिवार

(सही) ऑर्लीना ट्रँथम

साक्षीदार पहिली: ऑर्लीनाबाईंनी माझ्यासमोर सही केली. मी कागद वाचलेला नाही, टपाल उरले आहे. केक उत्तम होता.
(सही) यूला प्रूइट

साक्षीदार दुसरा: मी पुढच्या दाराने आलो. पूर्ण वाचले. वहिनींनी माझ्यासमोर सही केली. कलम नऊमधला दुसरा पर्याय लागणार नाही. जागा हॉबर्टच्या डाव्या हाताला आहे, ती मी खणीन, आणि तोवर मी नसलो तर माझे मुलगे खणतील. कलम सहामध्ये एक दुरुस्ती आहे. मला खोकला कधीच नव्हता.
(सही) लम कॉडिल